दुर्बिणीचा रिपोर्ट आला, तुकड्याचाही आला. मग पुन्हा दुर्बीण कशाला?

वाचकाचे पत्र:

माझे वय ५४. दहा-बारा वर्षांपासून छातीत जळजळ होते आणि रात्री घशाशी आंबट पाणी येते. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅमची गोळी घेतो, साधारण सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर. तंबाखू मळायची सवय होती, ती तीन वर्षांपूर्वी सोडली. गेल्या महिन्यात दुर्बिणीची तपासणी झाली. रिपोर्टमध्ये लिहिले आहे: ‘रिफ्लक्स इसोफॅजायटिस, लॉस एंजेलिस ग्रेड सी, हायटस हर्निया ३ सेंमी, बॅरेट्स इसोफॅगस? सी१एम३, चार बायोप्सी घेतल्या.’ तुकड्यांचा रिपोर्ट असा: ‘कॉलम्नर एपिथेलियम, गॉब्लेट पेशी दिसल्या नाहीत, तीव्र दाह, रिअ‍ॅक्टिव्ह एटिपिया, इनडेफिनिट फॉर डिसप्लेझिया.’ डॉक्टरांनी गोळी दिवसातून दोनदा केली आणि दहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे, असे सांगितले. मेहुणा म्हणतो, तुकडा काढला की नसलेला कॅन्सरही भडकतो. मेडिकलवाला म्हणतो, दुर्बिणीआधी दोन आठवडे ही गोळी बंद ठेवावी लागते. मला कॅन्सर आहे का? पहिल्या वेळी नीट बघितले नाही म्हणून पुन्हा बोलावताहेत का?

एक वाचक, सांगली जिल्हा

आमचे उत्तर:

नमस्कार,

तुमच्या दोन्ही रिपोर्टमध्ये कॅन्सर लिहिलेला नाही. ‘इनडेफिनिट फॉर डिसप्लेझिया’ म्हणजे कॅन्सरचा सौम्य प्रकार नव्हे. पेशी खरोखर बिघडू लागल्या आहेत की नुसत्या सुजेमुळे तशा दिसताहेत, हे या तुकड्यांवरून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुकडे घेतले त्या दिवशी तुमची अन्ननलिका आतून सोललेली होती, आणि अशा नळीतल्या तुकड्यांवर अनुभवी पॅथॉलॉजिस्टही ठामपणे बोलत नाही. म्हणून आधी सूज उतरवायची, मग पुन्हा बघायचे. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. दुसरी तपासणी टाळू नका. ती पहिलीपेक्षा जास्त कामाची व्हावी यासाठी मात्र काही गोष्टी तुमच्या हातात आहेत आणि काही डॉक्टरांना आधीच विचारून घेण्यासारख्या आहेत.

आधी दुर्बिणीचा रिपोर्ट. ‘रिफ्लक्स इसोफॅजायटिस’ म्हणजे वर येणाऱ्या आम्लाने अन्ननलिकेला आलेली सूज. ‘लॉस एंजेलिस’ ही आम्लाने झालेल्या जखमांची प्रतवारी आहे. १९९४ मध्ये त्या शहरात भरलेल्या जागतिक परिषदेत ती मांडली गेली. अन्ननलिकेच्या अस्तराला उभ्या घड्या असतात. ओरखडे त्या घड्यांवर किती लांब आहेत आणि एका घडीवरून दुसरीवर गेले आहेत का, यावरून ए ते डी अशी अक्षरे देतात. ५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा म्हणजे ए. त्याहून लांब, पण दोन घड्यांचे माथे न जोडणारा म्हणजे बी. ओरखडे घड्या ओलांडून एकमेकांना मिळाले, पण नळीच्या घेराचा ७५ टक्क्यांपेक्षा कमी भाग व्यापला, तर सी. ७५ टक्के किंवा जास्त व्यापला, तर डी. ए ग्रेड काहीच त्रास नसलेल्या माणसातही दिसतो आणि कधी कधी नुसत्या लालीलाही लावला जातो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. सी ग्रेडचे तसे नाही. आम्ल वर येण्याचा आजार तुम्हाला आहे, हे त्याने सिद्ध झाले. नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजण्याची तपासणी तुम्हाला आता नको. ज्यांची दुर्बीण स्वच्छ येते पण जळजळ हटत नाही, ती त्यांच्यासाठी असते. अशी माणसे पुष्कळ असतात. जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांची अन्ननलिका दुर्बिणीत ठणठणीत दिसते.

दुसरा भाग ‘सी१एम३’. ही मोजणी प्राग पद्धतीची, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली. अन्ननलिकेचे मूळ अस्तर फिकट, मोत्यासारख्या रंगाचे असते आणि चपट्या पेशींच्या थरांचे बनलेले असते. जठराचे अस्तर तांबूस, उभट पेशींचे (तुकड्यांच्या रिपोर्टमधले ‘कॉलम्नर एपिथेलियम’ म्हणजे उभट पेशींचे अस्तर). वर्षानुवर्षे आम्ल आणि पित्त वर येत राहिले तर काही जणांत खालच्या भागातले फिकट अस्तर जाऊन त्या जागी तांबूस, उभट पेशींचे अस्तर येते. हा बॅरेट्स इसोफॅगस. तो किती वर चढला आहे हे दोन आकड्यांत सांगतात: पूर्ण घेर व्यापलेला भाग किती सेंटिमीटर, तो ‘सी’, आणि जिभांसारखे वर गेलेले पट्टे धरून जास्तीत जास्त उंची किती, तो ‘एम’.

हे आकडे एका वजाबाकीतून येतात. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि अंतर समोरच्या दातांपासून मोजतात. समजा जठराच्या घड्या जिथे सुरू होतात ती जागा ३७ सेंटिमीटरवर आहे, तांबूस अस्तराचा पूर्ण घेर ३६ पर्यंत आहे आणि एक जीभ ३४ पर्यंत गेली आहे. ३७ वजा ३६ म्हणून सी१, ३७ वजा ३४ म्हणून एम३. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याची चिमट ४० वर दिसली, तर ३७ आणि ४० मधले ३ सेंटिमीटर जठर छातीत सरकलेले आहे, म्हणजे ३ सेंटिमीटरचा हर्निया. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात हे मूळ आकडे नाहीत, फक्त निष्कर्ष आहे. मूळ रिपोर्टमध्ये ते असतील तर बघा. नसतील तर दुसऱ्या वेळी लिहून द्यायला सांगा. सगळे गणित ‘जठराच्या घड्या कुठे सुरू होतात’ या एका खुणेवर उभे आहे, आणि नेमकी तीच खूण हर्निया असलेल्या माणसात चकवते. दुर्बिणीतून हवा जास्त भरली की घड्या ताणून सपाट होतात, छातीत सरकलेले जठरच अन्ननलिका वाटते आणि तिथून घेतलेल्या तुकड्यात अर्थातच जठराचे अस्तर सापडते. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते ब्रिटनमधले सर्जन नॉर्मन बॅरेट यांनीही १९५० च्या लेखात त्या भागाला वर ओढले गेलेले जठरच मानले होते. तो अन्ननलिकेचाच भाग आहे हे अ‍ॅलिसन आणि जॉनस्टन यांनी १९५३ मध्ये दाखवले. तुमच्या डॉक्टरांनी ‘बॅरेट्स’पुढे प्रश्नचिन्ह टाकले, ते यामुळेच शहाणपणाचे वाटते. ग्रेड सी जखमा आणि हर्निया दोन्ही एकत्र असताना तिथे पूर्णविराम टाकणे घाईचे झाले असते.

आता तुकडे. बायोप्सीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: तुकडा तपासला की आम्लपित्त आहे की नाही ते कळते. तसे नाही. आम्लाने अस्तराचा तळचा थर जाड होतो, पेशींमधल्या फटी रुंदावतात, सूज आणणाऱ्या पेशी येतात. पण हे बदल इतर कारणांनीही होतात आणि आम्लाचा त्रास नसलेल्यांतही थोडेफार सापडतात. म्हणून निव्वळ जळजळ आणि स्वच्छ अन्ननलिका असेल तर तुकडे घेऊन विशेष काही हाती लागत नाही. तुकडा घ्यायचा तो नेमका प्रश्न मनात ठेवून. घास अडकतो आणि नळीत कडी-कडीच्या खुणा किंवा उभ्या चिरा दिसतात, तर इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस (अ‍ॅलर्जीसारखी सूज) आहे का बघायला वरच्या आणि खालच्या भागातून मिळून किमान सहा तुकडे लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसले तर त्या आजाराकडे बोट जाते. दह्यासारखे पांढरे डाग असतील तर बुरशी. उठावदार गाठ किंवा कडा वर आलेला व्रण असेल तर कॅन्सर. तांबूस अस्तर १ सेंटिमीटर किंवा अधिक वर चढलेले असेल तर बॅरेट्स. त्याहून कमी, नुसती वाकडीतिकडी सीमारेषा असेल आणि तिथे दुसरे काही वावगे दिसत नसेल, तर तुकडे घेऊ नयेत असाच संकेत आहे. तिथल्या तुकड्यातून बहुतेकदा फक्त काळजी विकत मिळते.

तुमच्या तुकड्यांपुढे दोन प्रश्न होते. पहिला, गॉब्लेट पेशी आहेत का. या आतड्यात असणाऱ्या, चिकट द्रवाने फुगलेल्या पेशी. त्या अन्ननलिकेत सापडल्या तर अस्तर आतड्याच्या वळणावर गेले, असे म्हणतात, आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो तो मुख्यतः याच प्रकाराला. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात त्या दिसतात. शंका असेल तर अल्शियन ब्लू हा रंग लावतात, त्यातला द्रव निळा उठतो. पण या पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. एका जागी असतात, बोटभर पुढे नसतात. चारच तुकड्यांत त्या ‘दिसल्या नाहीत’ याचा अर्थ ‘नाहीत’ असा होत नाही. २००७ च्या एका अभ्यासात चारऐवजी आठ तुकडे घेतल्यावर त्या सापडण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. म्हणून बॅरेट्सचा संशय असेल तर किमान आठ तुकडे घ्यावेत असे आता सांगतात. पहिल्या वेळी चारच घेतले यात तुमच्या डॉक्टरांना दोष देण्यासारखे काही नाही. सुजलेल्या नळीतून आठ घेतले असते तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळालेच नसते.

तो दुसरा प्रश्न म्हणजे डिसप्लेझिया, पेशींची कॅन्सरच्या दिशेने होणारी घडणमोड. पॅथॉलॉजिस्ट पेशीचे केंद्रक बघतात: मोठे, गडद, एकावर एक चढलेले आहे का. शिवाय खोलातून पृष्ठभागाकडे येताना पेशी शहाण्यासारख्या परिपक्व होतात की वरपर्यंत तशाच अस्ताव्यस्त राहतात, हेही बघतात. घोळ असा की जखम भरताना नव्या पेशी घाईघाईने तयार होतात आणि त्यांची केंद्रकेही मोठी आणि गडद असतात. ‘रिअ‍ॅक्टिव्ह एटिपिया’ म्हणजे हेच. दाह तीव्र असेल तर दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी ‘ठरवता येत नाही’ असे लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिक समजावा.

म्हणजे पुढचे दहा आठवडे हा नुसता थांबण्याचा काळ नाही, तो उपचार आहे. आणि इथे तुमच्या पत्रातली एक ओळ महत्त्वाची: गोळी चहा-नाश्त्यानंतर. पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे जठरातले आम्लाचे पंप चालू असतात तेव्हाच त्यांना धरतात, आणि पंप चालू होतात अन्न पोटात गेल्यावर. औषध रक्तात टिकते मोजकेच तास. म्हणून ते जेवणाआधी ३० ते ६० मिनिटे पोटात गेले पाहिजे. नाश्ता झाल्यावर घेतलेल्या गोळीची पूर्ण ताकद कामी येत नाही. गोळी घेऊनही ग्रेड सी जखमा राहिल्या त्यामागे हे मोठे कारण असू शकते. आता दोन गोळ्या आहेत: एक सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, दुसरी रात्रीच्या जेवणाआधी तेवढ्याच अंतराने. झोपताना नव्हे. जळजळ आठवड्याभरात थांबली तरी गोळ्या चालू ठेवा, कारण त्रास थांबणे आणि जखम भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड सी भरायला आठ आठवडे तरी लागतात.

जोडीला रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे किंवा विटा. दोन उशा घेऊन उपयोग नाही, त्याने फक्त मान आणि कंबर वाकते आणि पोटावर दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर वाढला असेल तर चार-पाच किलो कमी केल्यानेही फरक पडतो. लोणचे, तिखट, चहा यांची सरसकट यादी आम्ही देणार नाही. जे खाल्ल्यावर तुम्हाला त्रास होतो तेवढेच सोडा.

मेडिकलवाल्याचा सल्ला तुमच्या बाबतीत चुकीचा आहे, पण तो आला कुठून हे समजून घ्या, नाहीतर तपासणीच्या आधी कोणीतरी पुन्हा तेच सांगेल. जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू शोधायचा असेल तर ही गोळी दोन आठवडे बंद ठेवतात, कारण गोळीने जंतू दबतो आणि तपासणी खोटी ‘नाही’ येते. जळजळीचे निदानच पक्के झालेले नसेल तेव्हाही पहिल्या दुर्बिणीआधी दोन ते चार आठवडे गोळी थांबवतात, म्हणजे जखमा असतील तर दिसतील. तुमची दुसरी दुर्बीण जखमा भरल्यात का ते बघायला आणि भरलेल्या अस्तरातून तुकडे घ्यायला आहे. दोन आठवडे गोळी थांबवाल तर ओरखडे पुन्हा उठतील, पुन्हा ‘ठरवता येत नाही’ असा रिपोर्ट येईल आणि तिसऱ्या दुर्बिणीची वेळ येईल. गोळी आदल्या रात्रीपर्यंत चालू ठेवा.

तपासणीच्या दिवसाची तयारी. आदल्या रात्री हलके जेवण. घन अन्न किमान सहा ते आठ तास आधी बंद. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दुधाचा चहा हा अन्नात मोजायचा, आणि ‘फक्त अर्धा कप चहा’ घेऊन आल्याने तपासणी पुढे ढकलली जाते हे रोजचे दृश्य आहे. सकाळी गुलाबी किंवा पांढरे पातळ अँटासिड घेऊ नका, अस्तरावर त्याचा थर बसतो आणि खालचे दिसत नाही. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, मधुमेह असेल तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन टाळायचे का, हे आधी विचारा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून थांबवू नका. साध्या बायोप्सीसाठी अ‍ॅस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही, बाकीच्या औषधांचे डॉक्टर ठरवतील. वजन किंवा साखर कमी करायचे सेमाग्लुटाइडसारखे आठवड्याचे इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्याने जठर उशिरा रिकामे होते. कवळी काढून ठेवायची, हलणारा दात असेल तर दाखवायचा.

घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारतात. तो कडू असतो आणि थोड्या वेळाने आपल्याला गिळताच येत नाही असे वाटते; ते अपेक्षित आहे. डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लॅस्टिकची कडी देतात. दुर्बीण साधारण करंगळीएवढी जाड असते आणि अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही, त्यामुळे श्वास चालूच राहतो. लाळ गिळू नका, गालावरून वाहू द्या. उबळ त्याने कमी होते. पहिल्या वेळी फार त्रास झाला असेल तर या वेळी शिरेतून गुंगीचे औषध मागा. मिडाझोलॅम दिले तर सोबत माणूस हवा आणि २४ तास गाडी चालवायची नाही, मोटारसायकलसुद्धा. तुमच्यासारख्या तपासणीत गुंगीचा खरा फायदा वेळेचा आहे: माणूस ओकाऱ्या काढत असताना डॉक्टर घाई करतात, आणि बॅरेट्स बघायला घाई चालत नाही. फेस आणि चिकटा पाण्याने धुऊन, हवा कमी-जास्त करून, प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे एक मिनिट बघायचे असा चांगल्या केंद्रांचा दंडक आहे. नॅरो बँड इमेजिंग नावाचे बटण बहुतेक नव्या यंत्रांत असते. त्या निळसर-हिरव्या प्रकाशात पृष्ठभागाची नक्षी आणि बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. नक्षी मोडलेली जागा दिसली तर पहिला तुकडा तिथला.

मग बाकीचे तुकडे. पद्धत सिअ‍ॅटल प्रोटोकॉल या नावाने ओळखली जाते: संशयित भागात दर २ सेंटिमीटरवर घेराच्या चार दिशांनी एकेक, आधी डिसप्लेझिया सापडलेला असेल तर दर १ सेंटिमीटरवर. तुमचा भाग लहान आहे, त्यामुळे पूर्ण घेरातून चार आणि जिभांमधून आणखी, असे मिळून आठ. खालून सुरुवात करून वर येतात, नाहीतर वरच्या तुकड्याचे रक्त खाली उतरून पुढचे झाकते. चिमटा उघडून भिंतीकडे वळवायचा, थोडी हवा ओढून घ्यायची म्हणजे अस्तर चिमट्यात येते, मग बंद करायचा. नुसता सरळ पुढे ढकललेला चिमटा घसरतो आणि वरवरचा पापुद्रा हाती येतो, ज्यात पॅथॉलॉजिस्टला खोल ग्रंथी दिसतच नाहीत. प्रत्येक पातळीचे तुकडे फॉर्मॅलिनच्या वेगळ्या डबीत, आणि डबीवर सेंटिमीटरचा आकडा. ‘अन्ननलिका, खालचा भाग’ असे लिहून सगळे एकाच डबीत टाकले आणि त्यात डिसप्लेझिया निघाला, तर तो कुठला हे कोणालाच सांगता येणार नाही. सोबतच्या चिठ्ठीत ‘ग्रेड सी होता, इतके आठवडे दोनदा गोळी घेतली, आधीचा रिपोर्ट इनडेफिनिट’ हे लिहिलेले असावे. शक्यतो जुन्या स्लाइड त्याच पॅथॉलॉजिस्टला शेजारी ठेवून बघायला द्या. ‘डॉक्टर, या वेळी तुकडे किती घेणार, आणि पातळीप्रमाणे वेगळे पाठवणार का?’ हा प्रश्न तपासणीच्या आधी विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

मेहुण्यांना सांगा, तुकडा २ ते ३ मिलिमीटरचा असतो, अस्तराच्या पृष्ठभागावरून घेतात, तो घेताना सहसा कळतही नाही. दोन-चार थेंब रक्त येऊन थांबते. दुर्बिणीतून घेतलेल्या अशा तुकड्याने कॅन्सर तयार होत नाही आणि भडकत नाही. हा समज पसरला त्याचे कारण बहुधा असे की लोक तपासणीलाच फार उशिरा जातात, आणि त्यानंतर वेगाने बिघडलेल्या प्रकृतीचे खापर बायोप्सीवर फुटते. साध्या दुर्बिणीत भोक पडणे किंवा मोठा रक्तस्राव होणे हजारोंत एखाद्याच्या बाबतीत घडते. घसा अर्धा-एक तास बधिर राहील, तोवर पाणीही नको. घरी गेल्यावर छातीत किंवा मानेत वाढत जाणारी कळ, ताप, मानेची त्वचा दाबल्यावर कुरकुर वाजणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी यांपैकी काही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पुढे काय निघू शकते? सूज उतरल्यावर तांबूस भाग नाहीसाच झाला, किंवा तो हर्नियातले जठर होते असे दिसले, तर बॅरेट्सचा विषय तिथे संपतो. बॅरेट्स ठरला, गॉब्लेट पेशी आहेत, पण डिसप्लेझिया नाही, तर ही बरीच चांगली बातमी समजा: अशा हजार जणांमागे वर्षाला साधारण दोन-तीन जणांना कॅन्सर होतो. अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भाग ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाच वर्षांनी, ३ किंवा अधिक असेल तर तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. तुमचा एम बरोबर ३ वर आहे, म्हणून ती वजाबाकी नीट झालेली हवी. आठ तुकड्यांतही गॉब्लेट नसतील तर एक-दोन वर्षांनी एकदा बघून ठरवतात. पुन्हा ‘इनडेफिनिट’ आले तर स्लाइड पचनसंस्थेच्या आजारांत मुरलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायच्या. पी५३ या प्रथिनाला रंग देऊन बघण्याची जास्तीची चाचणी अशा वेळी उपयोगी पडते. मेणात बसवलेले ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. कमी दर्जाचा डिसप्लेझिया निघाला तरी आधी दुसरे मत, कारण एकाच स्लाइडवर दोघांचे मत न जुळणे इथे सर्रास घडते. ते पक्के झाले तर दुर्बिणीतूनच तो भाग जाळून काढणे, किंवा सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दर वर्षी तपासणी, हे दोन मार्ग असतात. जास्त दर्जाचा असेल तर थांबायचे नाही: उठावदार भाग दुर्बिणीतून कापून काढतात, सपाट भागावर रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, उपचार करतात. छाती उघडण्याची वेळ आता क्वचितच येते.

यातले काहीही निघाले तरी गोळी पूर्ण बंद होण्याची शक्यता कमी आहे. ग्रेड सी आणि ३ सेंटिमीटरचा हर्निया असताना औषध थांबवले की काही आठवड्यांत जखमा परत येतात. दोनची एक होईल, तीही जेवणाआधीच. गोळीने बॅरेट्सचे अस्तर सहसा मागे जात नाही, ते मागे गेले नाही म्हणून औषध निकामी ठरत नाही.

तंबाखूचे वेगळे सांगायला हवे. बॅरेट्समधून होणारा कॅन्सर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा. भारतात मात्र जास्त आढळतो तो चपट्या पेशींचा, बहुतेकदा मधल्या भागात होणारा, आणि त्याचा संबंध तंबाखू आणि दारूशी आहे. तुम्ही तंबाखू सोडलीत हे उत्तमच, पण आधीच्या वर्षांचा हिशेब एकदम पुसला जात नाही. दुसऱ्या वेळी सगळे लक्ष खालच्या तीन सेंटिमीटरवर जाऊ नये म्हणून डॉक्टरांना तंबाखूचे आठवणीने सांगा. मग नळीचा वरचा आणि मधला भागही ते सावकाश बघतील, आणि शंका आली तर ल्युगॉलचे आयोडीन फवारतील. त्यात निरोगी अस्तर तपकिरी होते आणि बिघडलेला भाग पिवळट राहतो. आयोडीनची किंवा थायरॉइडची तक्रार असेल तर आधी सांगायची. तोंडाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या.

दहा आठवड्यांची मुदत सगळे सुरळीत असेल तर. भाकरीचा किंवा मांसाचा घास अडकायला लागला, गिळताना दुखले, कारण नसताना वजन उतरले, उलट्या थांबेनाशा झाल्या, शी काळी झाली किंवा रक्त तपासणीत हिमोग्लोबिन घसरलेले दिसले, तर तारीख येईपर्यंत थांबू नका. फोन करून त्याच आठवड्यात वेळ मागा, आणि दोन्ही जुने रिपोर्ट व दुर्बिणीचे रंगीत फोटो असलेला मूळ कागद बरोबर न्या, नुसती मोबाइलमधली छायाप्रत नको.